दगडाची बायको

माझ्या आईला पावणे गावात 'दगडाची बायको' म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

तो दगड म्हणजे बाबांच्या पलटणीचं स्मारक. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात मेलेल्यांची नावं त्यावर कोरलेली, खालून दुसरं बाबांचं. मी तेव्हा पाळण्यात. तार आली, पण माणूस काही आला नाही, मेलेलासुद्धा नाही. म्हणून आईने बांगड्या फोडू दिल्या नाहीत. लढाई संपली तशी सरकारने पलटणच मोडली. राहिला तो दगड. बाकीच्या घरांतले लोक तेल-शेंदूर वाहून जायचे. आई दर शुक्रवारी न्हाऊन जायची, आधी बाबांच्या नावाला कुंकू लावायची, मग स्वतःला. विहिरीवर शेजारीण विचारायची, "काय गो, बोलला का दगड आज?" आई म्हणायची, "माजा दगड जागंवर तरी हाय. तुजा कुठं पडलाय, जा बघून ये." शेजारीणच आधी हसायची.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती त्याच नावावर बोट फिरवून. आई सवाष्ण म्हणून गेली, हिरव्या लुगड्यात, ओटी भरून. कुंकवाची डबी माझ्याकडे आली.

मग रस्ता रुंद करायचा निघाला आणि दगड मधे आला. खारघरला बागेत नेऊ म्हणाले, मानाने, बिगूल वाजवून. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पावण्यात ट्रकवाले त्याच्या आडोशाला उभे राहायचे.

कार्यक्रमाला डबी घेऊन गेले. पडदा सरकला. दगड आरशासारखा, मधोमध नवी सोनेरी अक्षरं: ज्ञात-अज्ञात वीरांना. मी खालून दुसरी ओळ शोधायला हात लावला, तर हात नुसता घसरत गेला.

ठेकेदाराचा माणूस कौतुकाने म्हणाला, "आजी, केवढा शेंदूर बसलेला. आम्हाला वाटलं, गावचा देव. मशीन लावून घासला, तेव्हा कुठे दगड दिसला."

"आणि नावं?"

"नावं होती?"

आलेले फौजी साहेब दुसऱ्याच पलटणीचे. भला माणूस, माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आजी, पलटणच उरली नाही, विचारू कुणाला? तुमच्याकडे काही कागद?"

"दगड होता ना," मी म्हटलं.

बिगूल वाजला, आम्ही सगळे उभे राहिलो. मग लोक चहाकडे गेले.

मी डबी उघडली. बोटावर कुंकू घेतलं आणि उभीच राहिले. अंदाजाने लावावं, तर ते कुणाला लागेल? तेवढ्यात बागेचा वॉचमन हळूच म्हणाला, "आजी, नका लावू, डाग पडतो."

बोट पदराला पुसलं.

आई सवाष्ण गेली. कुणाची, ते आता कुठेच लिहिलेलं नाही.