सातचा दिवा

खण आवरताना त्या स्मार्ट बल्बचं रिकामं खोकं हाताला लागलं आणि कोऱ्हाळ्याच्या घराची पडवी आठवली. भेंडीच्या रानातून परतताना आई अंधारात पायरी चुकून पडली होती, म्हणून पडवीतला दिवा रोज सातला आपोआप लागावा असं मी ठरवलं. कारखान्यातली मोठमोठी यंत्रं चालू करून देणारा माणूस मी, बल्ब तो काय! पण तीन दिवस त्यानं माझा जीव खाल्ला. दुपारी मोबाईलला जोडला की नीट चालायचा आणि संध्याकाळी मी फिरून येईपर्यंत सगळं विसरून लुकलुकत बसायचा. मी वायफायला शिव्या घातल्या, बल्ब बनवणाऱ्यांना घातल्या. चौथ्या दिवशी मात्र पडवीतून हललोच नाही. बरोबर सातला दिवा लागला. आई आली, पाय धुतले आणि सरळ जाऊन तिनं बटण बंद केलं. मग चालू केलं. बल्ब जरा उशिरा लागायचा, म्हणून पुन्हा खटखट, आणखी एकदा खटखट. तेवढ्यानं त्यातली सगळी जोडणी पुसली जाते, हे खोक्यावरच छापलं होतं. "अगं, लागलेला दिवा का घालवतेस?" मी ओरडलो. "आपोआप लागल्याला हात कसं जोडायचं? दिवा आपुन लावावा लागतोय," म्हणत तिनं त्या लुकलुकणाऱ्या बल्बलाच हात जोडले. आता माझ्या बारामतीच्या घरात सगळे दिवे आपोआप लागतात, देवघराचा तेवढा नाही. तो लावायला मी सातच्या आत घरी पोचतो.