आईचा शुक्रवारचा फोन

दारव्ह्याच्या आमच्या घरात फोन कधी एकट्याचा नव्हताच. वाजला की स्पीकर लावायचा, आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या वाटीत उभा करायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. मामाचा फोन असला तरी शेजारच्या काकू मध्येच आपलं घोडं दामटायच्या. फोन घेऊन कुणी आतल्या खोलीत गेलं की काहीतरी लपवतंय, अशी घरभर कुजबुज. त्या गोंगाटाचा मला तेव्हा राग यायचा. आता त्याची आठवण येते, आईलाही येते.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी आई गप्प झाली. तव्यावर भाकरी करपली तरी तिला कळायचं नाही. मनाचा डॉक्टर गाठायचा तर यवतमाळ. म्हणजे दिवस बुडणार आणि वर गावभर बोभाटा. मग सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नागपूरच्या डॉक्टरबाईंशी मोबाईलवर बोलायची सोय लावून दिली, तीही फुकट. आम्ही खूश. पहिल्या शुक्रवारी सकाळी फोन वाटीत ठेवून सगळे भोवती बसलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, कसं वाटतं? आईनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि बरं हाय म्हणाली. संपलं बोलणं. शेवटी बाईंनीच हळूच विचारलं, एकट्यानं बसून बोलता येईल अशी जागा नाही का?

जागा सापडली ती गल्लीच्या टोकाला, मेकॅनिक चाचांच्या गॅरेजात. दुरुस्तीला आलेल्या काळीपिवळी जीपमध्ये आई कानात हेडफोन घालून बसायची. रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्यांना काही ऐकू जाऊ नये म्हणून चाचा शेजारी पत्रा ठोकत राहायचे. बाबा आणि मी बाहेर राखणीला. असे कितीतरी शुक्रवार गेले.

एकदा डॉक्टरबाईंचा फोन उशिरा आला, आणि बोलणं अर्ध्यावर असताना चाचांना जुम्म्याच्या नमाजाला जावं लागलं. हातोडी थांबली. जीपमधून आईचा आवाज स्वच्छ आला.

"मले जगावंसंच वाटत नाही, बाई. घरी सांगू त कोनाले सांगू?"

मला वाटलं, बाबा आता धावत जाऊन दार उघडतील. ते गेले नाहीत. त्यांनी चाचांची हातोडी उचलली आणि समोरच्या मडगार्डवर मारायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. बाबा मला त्या दिवशी जितके आवडले तितके आधी कधीच आवडले नव्हते.

चाचा परतले तोवर त्यांनी सकाळी सरळ केलेल्या मडगार्डची पार वाट लागली होती.

"हे काय करून राह्यले, भाऊ?"

"तिचं बोलनं चालू हाय अजून," बाबा म्हणाले.

चाचांनी डोक्यावरची टोपी खिशात घातली, बाबांच्या हातातून हातोडी घेतली आणि ठोकायला लागले.