मनुकांचं पाणी

महिना-सव्वा महिना रोज संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याला माझ्या हातानं रम पाजली. पुढे कबूल करायचंच आहे, तर सुरुवातीलाच करते. वर ती रम आमची नव्हती. विहीणबाईंची होती, त्यांच्या ख्रिसमसच्या केकसाठी जपून ठेवलेली.

मी तेव्हा पन्नाशीला आले होते. मूर्खपणाला याहून सोयीचं वय नाही. चूक दाखवणारी सासू गेलेली असते आणि हसणारी सून अजून यायची असते. मधल्या काळात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. मला तर फारच वाटायचं. आता त्या बाईचा फोटो पाहिला की वाटतं, हिला घरात एकटं सोडायला नको होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या लेकीनं इथल्या जबलपुरातल्याच एका ख्रिश्चन घरात लग्न केलं. मुलगा चांगला, घर रेल्वेतलं, माणसं हसरी. धर्माबद्दल आमच्या यांचं काही म्हणणं नव्हतं. हे म्हणायचे, "देव त्यांचा त्यांना, आपला आपल्याला. पण त्यांच्यात पितात." हे फॅक्टरीत फोरमन. क्वार्टरच्या गणपतीत दरवर्षी दारूच्या दुष्परिणामांवर यांचं भाषण असायचं, आणि ते आरतीच्या आधी असल्यामुळे प्रसाद हवा असलेल्या कोणालाही उठून जाता यायचं नाही. लग्नाच्या जेवणाला गेले ते घरून पाण्याची बाटली घेऊन. त्यांच्या माठातही काही असेल, असा यांना संशय.

लेक दसऱ्याला सोनं द्यायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, पंचवीस डिसेंबरला या ना. सगळ्यांचे सगळे येतात. माझाच बाप नसेल तर कसं दिसेल?"

"तू आईला ने," हे म्हणाले, आणि पेपर वर केला.

जाताना चपला घालायला तिला फार वेळ लागला. तेव्हा मी मनात धरलं, या माणसाला ख्रिसमसला न्यायचंच. कसं, ते माहीत नव्हतं.

दिवाळीच्या जरा आधी विहीणबाई रिक्षानं आल्या. मांडीवर चिनी मातीची भलीमोठी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. म्हणाल्या, "बहनजी, केक के मेवे भिगोए हैं। क्रिसमस तक आपके पास रख लीजिए। हमारे यहाँ नहीं बचते, इनको चोरी की आदत है।" 'इनको' म्हणजे आमचे व्याही. मला गंमत वाटली. साठीचा माणूस मनुका चोरून खातो म्हणजे कमालच. मेवे कशात भिजवलेत हे त्यांनी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात तो शब्द काढू नका अशी लेकीनं त्यांना तंबी दिली होती. मी विचारलं नाही, कारण मेवे पाण्यात भिजवतात हे मला माहीत होतं.

फराळाचे डबे काढताना मी बरणी उघडली. मनुका, खजूर, संत्र्याच्या साली, पेठा, आणि वर काळंभोर पाणी. वास नाकात गेला. म्हटलं, विहीणबाईंची लवंग जरा जास्त झाली. थेंबभर चाखलं तर जिभेला चटका. दारू कशी असते ते मी सिनेमातच पाहिलं होतं. ती बाटलीत असते आणि ती पिऊन माणूस गाणं म्हणतो. ती लोणच्याच्या बरणीत असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता इथे एक घरगुती गोष्ट सांगावी लागते. आमच्या यांचं पोट. लग्न झाल्यापासून मी त्या पोटाशी झुंजत होते. त्रिफळा झालं, एरंडेल झालं, इसबगोल झालं, शिवाय माझ्या आईचा एक हिरवा काढा होता, तो पाहूनच यांचा चेहरा पडायचा. त्यात काळ्या मनुकांचं पाणी पोटाला उत्तम, हे तर सगळ्यांना ठाऊक. आणि इथे आयतं, मुरलेलं, कडूजहर मनुकांचं पाणी माझ्या ओट्यावर. इतकं कडू आहे म्हणजे गुणकारी असणारच, असं माझं शास्त्र.

त्याच संध्याकाळी हे फॅक्टरीतून आल्यावर मी अर्धी वाटी पुढे केली. "मनुकांचं पाणी आहे. पोटाला चांगलं."

यांनी एक घोट घेतला. थांबले. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उरलेलं हळूहळू संपवलं.

दुसऱ्याचा माल कमी व्हायला नको, म्हणून जितकं काढीन तितकं उकळून गार केलेलं पाणी मी बरणीत घालत असे. मी प्रामाणिक बाई. गोडी उतरली असं वाटलं तेव्हा गुळाचा खडाही टाकला.

आणि गुण येऊन राहिला. पोटाचं नक्की सांगता येणार नाही, पण माणूस बदलला. पेपर वाचताना सरकारला ओरडणं थांबलं. दूधवाल्याला म्हणाले, "भैया, तुम आदमी बहुत अच्छे हो," तर तो बिचारा दुसऱ्या दिवशी घाबरून पाणी न घालता दूध देऊन गेला. साडेसात वाजले की हे आपणहून वाटी घेऊन ओट्यापाशी उभे. एरंडेलासाठी कधी उभे राहिले नव्हते. एक दिवस म्हणाले, "अगं, सोबत थोडे खारे दाणे दे. तोंड कडू होतं." मी दाणे दिले. मग दाण्यांवर कांदा चिरून लिंबू पिळायला लागले. मला वाटलं, भूक सुधारली.

डिसेंबर लागला तसे कुरकुरू लागले, "पूर्वीसारखं लागत नाही आता." मी अर्धीची पूर्ण वाटी केली.

अशाच एका संध्याकाळी दाणे खाता खाता हे म्हणाले, "पोरगी काय म्हणते? पंचवीसला जाऊ आपण." मी स्वयंपाकघरात जाऊन बरणीला हात जोडले.

ख्रिसमसच्या चार दिवस आधी, दुपारी, मी बरणी घेऊन गोहलपूरच्या बेकरीत गेले. इथली रीत अशी की मैदा, अंडी, लोणी, साखर सगळं घरून न्यायचं. बेकरीवाला फक्त भट्टी देतो आणि घोटायला दोन दणकट हात. केक भाजून हाती येईपर्यंत घरच्या बायका बाकांवर बसून आपापल्या डब्यांवर नजर ठेवतात. विहीणबाई, लेक आणि पिशव्या उचलायला व्याही आधीच आले होते.

विहीणबाईंनी फडकं सोडलं. वास घेतला. पुन्हा घेतला. चमचा घालून चाखलं आणि थेट नवऱ्याकडे वळल्या.

"कब पी?"

"मैंने तो इस बार देखी भी नहीं," व्याही म्हणाले.

बाकावरची एक बाई म्हणाली, "भैया, हर साल यही बोलते हो।" सगळी बेकरी हसली.

"पूरी बोतल रम डाली थी," विहीणबाई म्हणाल्या. "गुड़ का पानी बचा है। दिवाली की मिठाई देने गए थे ना तुम उधर? रसोई में पानी माँगने कौन गया था?"

मी मैद्याच्या पोत्यावर बसले. डोळ्यांसमोरून वाटी गेली, दाणे गेले, लिंबू गेलं, गणपतीतली सगळी भाषणं गेली. लेकीनं माझं तोंड पाहिलं आणि मला बाहेर ओढलं.

"आई, काय केलंस?"

मी सांगितलं. ती आधी हसली, मग भिंतीला टेकली. "बाबांना कळलं तर ते येणार नाहीत. या जन्मात येणार नाहीत."

"आणि तुझे सासरे? विनाकारण बोलणी खाऊन राहिले ते."

"चार दिवस खाऊ देत. त्यांना सवय आहे. आई, प्लीज."

मी मान डोलावली. आत व्याही डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होते आणि बेकरीवाला म्हणत होता, "अंकल, आजू बाजू हो जाओ, भट्टी गरम है।"

पंचवीसला हे कोट घालून निघाले. बाटली घेतली नाही. मी डबाभर चकल्या घेतल्या, अपराधी माणसाच्या हातात काहीतरी असावं म्हणून. तिकडे दोन खोल्या भरून नातेवाईक, परातीत मैद्याचे गोड तळलेले कुलकुल, गुजिया, नमकपारे. आदल्या आठवड्यात विहीणबाईंनी मलाही कुलकुल वळायला बसवलं होतं, माझे ते वेगळ्या ताटलीत होते. ते शंखासारखे दिसायला हवे होते, माझे बोटाला पट्टी बांधल्यासारखे दिसत होते. लेक दारातच होती. बापाला पाहून तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि उठायला पुन्हा फार वेळ लावला, पण या वेळी मला तो वेळ आवडला.

केक वाटला गेला. व्याह्यांच्या थोरल्या बहिणींनी तुकडा तोंडात घातला, चावला आणि म्हणाल्या, "इस बार केक में जान नहीं है।"

सगळ्या माना व्याह्यांकडे वळल्या. विहीणबाईंनी त्यांच्या ताटलीत अंगठ्याएवढी फोड ठेवली होती, ती शिक्षा. "पूछो इनसे," त्या म्हणाल्या. पोरं हसायला लागली. व्याही खाली बघत राहिले. चार दिवसांत माणूस वाळल्यासारखा दिसत होता. मी हातातल्या चकलीचा चुरा करत बसले. लेक डोळ्यांनी मला सांगत होती, बोलू नकोस.

तेवढ्यात यांनी ताटली खाली ठेवली. घसा साफ केला, अगदी आरतीआधी करतात तसा. मला वाटलं, भाषण आलं.

"इन्होंने नहीं पी," हे म्हणाले. "मैंने पी है। रोज़ शाम, साढ़े सात बजे। नमकीन के साथ।"

खोलीत फक्त पंख्याएवढा मोठा तारा गरगरत होता, कागदाचा, दोऱ्याला टांगलेला. मग व्याही उठले, केकची सगळ्यात मोठी फोड उचलली आणि यांच्या ताटलीत आणून ठेवली. विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पूरे जबलपुर में मैंने यही एक घर छाँटा था।" आणि मग जे हसणं सुटलं त्यात लेक रडली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मला आलं. यांनाही आलं असावं, कारण यांनी तिच्याच हातून आणखी एक फोड मागून घेतली.

परत येताना ओमती भागातल्या गर्दीत स्कूटर थांबली. मी मागून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या घोटाला. फॅक्टरीत काय दूध पितात लोक?"

"मग बोलला काहून नाहीत?"

हे समोर बघत म्हणाले, "लग्न झाल्यापासून तुझे काढे मुकाट्यानं पिऊन राहिलो मी. एकदाच काहीतरी बरं देऊन राहिली होतीस, ते विचारून बंद पाडू काय?"