रॉयच्या दातांचा शिपाई

नेव्हिल हॉब्डेचा कशावर चटकन विश्वास बसेल तर शपथ. त्यात त्याचा तरी काय दोष म्हणा. इल्कस्टनच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्याने ओतीव लोखंडाचे नळ तपासले. नळावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, आणि तरी मन भरलं नाही तर एखादा नळ सरळ फोडून बघायचा. निवृत्त झाल्यावर हातोडी कारखान्यात राहिली आणि स्वभाव घरी आला. बायको ग्लेनिसने आणलेलं लोणीसुद्धा तो वजन करून बघे.

"अरे, माझ्यावर तरी विश्वास ठेव," ग्लेनिस वैतागे.

"तुझ्यावर आहे गं. दुकानदारावर नाही."

एकच वस्तू त्याने कधी तपासली नव्हती. लहानपणीचे एकसष्ट हिरवे प्लास्टिकचे शिपाई, दोन-दोन इंच उंचीचे. त्याचे आणि धाकट्या रॉयचे. रॉय भारी उतावळा. नेव्हिलची चाल लांबली की तो बंदूक उलटी उगारलेला एक शिपाई उचलायचा आणि तिचा दस्ता चावत बसायचा. नवव्या वर्षी मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. एक धूसर फोटो आणि त्या दस्त्यावरच्या चार दातांच्या खुणा, एवढंच मागे राहिलं. हे नेव्हिलने ग्लेनिसखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत त्यांचं खेळमंडळ भरे. म्हातारी माणसं टेबलावर लढाया मांडत आणि फाशांवरून भांडत. ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी एक मोठा डाव असतो, शिपाई विरुद्ध झॉम्बी. चालतीबोलती प्रेतं गावावर चालून येतात आणि शिपायांनी गाव राखायचं. यंदा नेव्हिलने पहिल्यांदाच आपले शिपाई द्यायचं कबूल केलं. पण दुकानातले झॉम्बी त्यांच्या जेमतेम कमरेला लागले.

"ही प्रेतं म्हणायची की प्रेतांची पोरं?" मंडळाचा चिटणीस बॅरी म्हणाला. "शिपाई गोळ्या कशाला घालतील, कडेवर घेतील!"

"मी करते तुमच्या मापाचे," लिनेट म्हणाली. ही बाई ईस्टरपासून येत होती. तीस वर्षं तिने लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या आणि हातचं काम असं बारीक की बघत राहावं. "मापाला एक शिपाई द्या फक्त, आठवड्याभरासाठी." आणि पेटीत हात घालून तिने नेमका तोच उचलला. "हाच दे. याचे हात वर आहेत."

नेव्हिलच्या मनात पाल चुकचुकली. एकसष्टांतला हाच का? पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि चारचौघांत रॉयचं नाव काढायची त्याची तयारी नव्हती. त्याने पेटीचं झाकण लावलं.

आठवड्याने शिपाई कापसात गुंडाळून परत आला. नेव्हिलने घरी भिंग लावलं. साठ वर्षांचा मळ गायब. रंग फिकट. दातांच्या खुणा उथळ वाटत होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय, त्याला वाटलं.

पुढच्या गुरुवारी लिनेटने चाळीस झॉम्बी टेबलावर मांडले. उंची तीच, बूट तेच, पट्ट्याचं बक्कलही तेच. वर जबडे लोंबलेले, बरगड्या उघड्या. सगळे वाहवा करायला लागले. नेव्हिल मात्र तिसऱ्या रांगेत अडकला. तिथे एक प्रेत बंदूक उलटी उगारून उभं होतं आणि दस्त्यावर चार खुणा होत्या, खोल, काळ्याभोर, जुन्या.

"कुठून आणलेस गं हे?"

"आणीन कशाला? केलेत."

"कशातून?"

लिनेट चहा ढवळत राहिली. साखर ती घेतच नव्हती. "शनिवारी सांगते. डावाच्या दिवशी."

झालं. नेव्हिलचा हिशेब पक्का जुळला. बाईने खरा शिपाई कापून प्रेत केलं आणि त्याच्या हातावर नक्कल टेकवली. रात्रभर तो कूस बदलत राहिला. नकलेला आपण आठवडाभर रॉय म्हणून कुरवाळत बसलो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

खरंखोटं करायचा उपाय मंडळात सगळ्यांना ठाऊक होता. तापलेली सुई टेकवायची. जुनं प्लास्टिक मेणासारखं वितळतं, लिनेट वापरते तो कवळीचा मसाला नुसता काळा पडतो. शुक्रवारी न्याहारीनंतर ग्लेनिस केस कापायला गेली आणि नेव्हिलने गॅस पेटवला. सुई शिपायाच्या पायाखाली टेकवली असती तरी भागलं असतं. पण त्याला संशय पायाचा नव्हता, खुणांचा होता. त्याने सुई दस्त्यावर टेकवली.

मेणबत्तीचा वास आला. त्याने सुई मागे ओढली तर तिच्याबरोबर हिरवा धागा निघाला. दस्त्याचा गोळा झाला होता आणि त्यावर दात नव्हते.

शिपाई खरा होता.

ग्लेनिस परतली तेव्हा नवरा ओट्याशी उभा होता आणि गॅस चालूच होता. तिने शिपायाकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

शनिवारी दुपारी तो पेटी घेऊन गेला, कारण शब्द दिला होता. बॅरी पुदिन्याची चटणी घातलेले वाटाणे वाटत होता. लिनेट नेव्हिलला कोपऱ्यात घेऊन गेली.

"आधी शिव्या घाल, मग ऐक. मी तुझ्या शिपायाचा साचा काढला. न विचारता. मंडळात हे चालत नाही, ठाऊक आहे मला, म्हणून गुरुवारी तोंड उघडलं नाही. मापापुरता म्हणून नेला होता तुझ्याकडून."

"धुतलास?"

"साबणाने. मळ काढला नाही तर साच्यात बारकावे उतरत नाहीत. आणि मला ते दात हवे होते. म्हणून तर तोच उचलला. नकलेत काळा रंग भरला, दिसावेत म्हणून." ती जरा थांबली. "तीस वर्षं दातच केलेत रे मी. आठ-नऊ वर्षांचं पोर आहे हे. वरचा एक दात अर्धाच आलाय. कोणाचे ते विचारायचं होतं, पण तू असा बघतोस की विचारायची छाती होत नाही."

"भावाचे." नेव्हिलने खिशातून शिपाई काढून तिच्या तळहातावर ठेवला.

तिने गोळा झालेल्या दस्त्यावरून बोट फिरवलं. "सुई?"

"सुई. मीच."

लिनेटने टेबलावरून तिसऱ्या रांगेतलं ते प्रेत उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "केसाचाही फरक नाही बघ. भिंग लाव हवं तर."

भिंग खिशातच होतं. नेव्हिलने ते काढलं नाही. अंगठ्याने चाचपलं तेव्हा चारही दात लागले, अर्धासुद्धा.

"बॅरी, शिपाई तू खेळ," तो म्हणाला. "मी प्रेतांकडून."

"अरे, शिपाई तुझे ना!"

"म्हणूनच तुला देतोय. नीट सांभाळ."

डाव सुरू झाला. बॅरी म्हणजे एका चालीला घटकाभर विचार करणारा माणूस. नेव्हिल एरवी कुरकुरला असता. आज तो ते प्रेत मुठीत धरून बसला होता, दस्ता अंगठ्याखाली.

"चल, झालं माझं," बॅरी ओरडला. "नेव्हिल, तुझी पाळी."

"माझी नाही, त्याची," नेव्हिल म्हणाला. "केव्हाचा खोळंबलाय." आणि त्याने प्रेत खाली ठेवून सहा इंच पुढे सरकवलं.