साबण लावून धुतलेलं तोंड

मंडळी, दुपारचा धक्का अजून ओसरला नाही, म्हणून लिहितेय.

मी कोर्टाच्या समुपदेशन केंद्रात काम करते. वेगळे राहणारे आईबाप लेकरांना भेटतात, तेव्हा मी खोलीत बसते. आज लोणारहून एक बाप सात वर्षांच्या लेकीला भेटायला आला. आई तिला वरवट बकालहून घेऊन आली होती.

बापाने आणलेला लाडू पोरीने हसत खाल्ला. तास संपला, बाप गेला, तशी ती नळावर जाऊन साबणाने तोंड आतून घासू लागली! मी धावले.

"काय करून राह्यली, बेटा?"

"मॅडम, लाडूचा वास येते का अजून? पप्पाचं खाल्लं तर आई दिवसभर जेवत नाही."

आईला आत बोलावून हे सांगितलं.

"मी तिले कधी बोटबी लावलं नाही, मॅडम!" ती म्हणाली आणि लेकीजवळ जाऊन बसली. मग लेकीचं तोंड पदराने पुसत म्हणाली, "खात जाय माय. मी जेवीन."

पोरगी पुन्हा साबणाकडे वळली. तिला ते खरं वाटलं नाही.

हात न उगारताही आपण लेकरांना किती घाबरवतो? तुमच्या घरात असं कधी झालंय का?