नऊ आटे

मी पाणीखात्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. माझं काम दोनच गोष्टींचं. गाडी चालवायची आणि गाडीत जे बोललं जातं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचं. दोन्ही गोष्टी मला उत्तम जमतात अशी माझी सतरा वर्षं समजूत होती.

शेजारच्या सीटवर बसायचे ते आमचे सुपरवायझर. कागदावर त्यांचं पद लांबलचक होतं, पण खात्यात सगळे त्यांना पाठीमागे आटेमास्तर म्हणायचे आणि तोंडावर साहेब. आटा म्हणजे व्हॉल्वच्या चावीचा एक पूर्ण फेरा. रस्त्याखालच्या चेंबरात व्हॉल्व असतो, त्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी बसवायची आणि ती चावीवाल्यानं फिरवायची. मोठ्या लाइनचा व्हॉल्व पूर्ण उघडायला अडतीस आटे लागतात. ते साहेब काठावर उभे राहून मोठ्यानं मोजायचे. त्यांचं म्हणणं असं, की फिरवणारा माणूस दमतो आणि दमलेला माणूस स्वतःला सूट देतो, म्हणून मोजणारा वेगळा हवा. अडतीस झाले की अर्धा आटा मागे घ्यायला लावायचे, म्हणजे व्हॉल्व अडकून बसत नाही. मग गाडीच्या बोनेटवर वही ठेवून नोंद करायचे. त्या वहीवर खात्याचा इतका भरवसा होता की तिच्यात ‘पूर्ण उघडा’ असं लिहिलं की ते झाकण पुन्हा कोणी उचलायचं नाही.

माणूस तसा फटकळ. सकाळी पाण्याच्या तक्रारी, दुपारी तुंबलेली गटारं, आणि दोन्हीकडे लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी आमच्यावर व्याजासकट काढायचे. पण गटाराचं झाकण उघडलं की स्वतः गॅस मोजल्याशिवाय कोणाला खाली वाकूही द्यायचे नाहीत. घरी मात्र त्यांचं काही चालायचं नाही. एकदा मी त्यांना घ्यायला गेलो असताना ते चहात चमचा फिरवत बसले होते. वहिनी म्हणाल्या, “अहो, किती आटे झाले? साखर विरघळली, आता व्हॉल्व सोडा.” साहेब खरोखर मोजत होते की काय कोण जाणे, पण कानापर्यंत लाल झाले.

त्या दिवशी लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर फुटलेली लाइन जोडून झाली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. टेकडीवरच्या वसाहतीला पाणी जातं ते त्याच लाइनमधून. चावीवाल्यानं चावी बसवली. हा पोरसवदा दिसणारा पण दोन मुलींचा बाप असलेला माणूस, कंत्राटावर काम करणारा, सहा वर्षं साहेबांच्या हाताखाली. पहिले काही आटे अगदी सावकाश घ्यायचे असतात, नाहीतर पाण्याच्या दणक्यानं नवा जोड पुन्हा निखळतो. साहेब मोजत होते. मी काच खाली करून गाडीत बसलो होतो. त्यांनी ‘नऊ’ म्हटलं आणि त्यांचा फोन वाजला.

“हो,” ते म्हणाले. मग फोन कानाला लावून ऐकत राहिले. मग “बरं. येतो.” फोन खिशात ठेवला, चेंबरात पाहिलं आणि म्हणाले, “झालं. झाकण लाव.”

पाइपातून पाणी धावल्याचा आवाज येत होता, त्यामुळे झालं असं वाटायला हरकत नव्हती. चावीवाला क्षणभर चावीला धरून तसाच उभा राहिला आणि मग त्यानं झाकण लावलं. मी गाडी सुरू केली. हॉस्पिटलपर्यंतच्या अर्ध्या तासात साहेब एकदाच बोलले. एका चौकात सिग्नल हिरवा झाला होता आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा म्हणाले, “सुटला.” वहिनींचं पित्ताशयाच्या खड्यांचं साधं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत.

पाचव्या दिवशी साहेब कामावर हजर. रडल्याचं चिन्ह नाही, न रडल्याचंही नाही. खुर्चीत बसून मागच्या दिवसांच्या नोंदी पुऱ्या केल्या. लॉन्ड्रीचा कोपरा, अडतीस आटे, पूर्ण उघडा, खाली सही. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

फरक नंतर हळूहळू लक्षात आला. ते ओरडेनासे झाले. लोक शिव्या देत आणि ते नुसते ऐकून घेत, आपल्याला नाहीच जणू. मोजणंही थांबलं. “तूच मोज रे,” असं चावीवाल्याला सांगून ते गाडीला टेकून उभे राहत. साहेबांची मुलगी दुसऱ्या गावाहून रोज फोन करायची. तिला म्हणायचे, ठीक आहे, जेवलो. डबा उघडून मिटलेला मी रोज बघत होतो. एकदा घरात गेलो तर स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता आणि खाली बादली. ज्या माणसानं आख्ख्या गावच्या गळत्या बंद केल्या, त्याच्या घरात एका वायसरपायी रोज बादलीभर पाणी जात होतं. मी म्हटलं, साहेब, बदलून देऊ का? ते म्हणाले, राहू दे.

आणि एक. टेकडीवर जायचा रस्ता लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरून डावीकडे जातो. साहेब मला उजवीकडे वळायला लावत. दोन किलोमीटरचा वळसा. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तिसऱ्यांदा न सांगताच वळवली.

टेकडीवरून तक्रारी यायला लागल्या होत्या. वरच्या गल्ल्यांत पाणी चढत नव्हतं. एक निवृत्त शाळामास्तरीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. ती रोज जिन्याखालच्या नळाला तांब्या लावून बसायची आणि भरेल तसं वर न्यायची, गुडघे दुखत असताना. आम्ही तीन ठिकाणी खड्डे खणले. गळती नाही. नऊ व्हॉल्व तपासले. दहावा लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरचा. साहेबांनी वही पुढे केली आणि म्हणाले, तो मीच उघडलाय. विषय संपला.

मला तेव्हा ‘नऊ’ आठवलं. खोटं कशाला बोलू, अगदी स्पष्ट आठवलं. पण मी ड्रायव्हर. पाणी कसं चढतं हे मी कोणाला शिकवायचं? आणि शिकवायला गेलो तर त्या सकाळचं नाव काढावं लागणार. मी मूग गिळून बसलो. असे चार महिने गेले.

गळती नाही, व्हॉल्व उघडे, मग पाणी जातं कुठे? खात्याच्या मोठ्या मॅडमनी निष्कर्ष काढला, की कोणीतरी पुरवठ्याच्या वेळी व्हॉल्व बंद करतंय आणि नंतर उघडतंय. चावी कोणाकडे असते? चावीवाल्याकडे. त्यात त्याचा मेहुणा पाण्याचे टँकर चालवणारा. झालं, सगळं फिट्ट बसलं. महिनाअखेर त्याचं कंत्राट संपत होतं, आणि अहवालात नाव आलं की ते पुन्हा मिळणार नव्हतं, इथेही नाही आणि दुसऱ्या कुठल्या खात्यातही नाही. अहवाल टाइप होऊन आला. साहेबांची सही तेवढी बाकी होती, शनिवारपर्यंत हवी होती.

शनिवारी सकाळी आम्ही टेकडीवर शेवटचा दाब मोजायला निघालो. अहवाल साहेबांच्या मांडीवर, पेन हातात. मागच्या सीटवर चावीवाला, पायांशी चावी. अहवालात काय आहे ते त्याला ठाऊक होतं, कारण आमच्या ऑफिसात टाइप झालेलं सगळ्यांना ठाऊक असतं. तो बाहेर बघत होता. साहेबांनी पहिल्या पानावर सही केली. मी आरशात पाहिलं. पान उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही काही नव्हतं. विजेचं बिल भरावं तशी सही करत होते, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदाच आला.

चौक आला. मी गाडी डावीकडे घातली.

“उजवीकडे,” साहेब म्हणाले.

“माहीत आहे साहेब.”

लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. तिघांपैकी कोणीच उतरेना. मी समोर बघत म्हणालो, “तुम्ही नऊ म्हणालात आणि फोन आला. मी ऐकलंय.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग दार उघडलं. चेंबरपाशी जाऊन उभे राहिले. चावीवाल्यानं पहार लावून झाकण सरकवलं, चावी बसवली आणि थांबला.

“अडतीस लिहिलेत मी,” साहेब म्हणाले.

“नऊ झाले होते साहेब,” चावीवाला म्हणाला. “हाताला ठाऊक असतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही झालं म्हणालात. मला वाटलं, कोणीतरी नंतर उघडलं असेल. मग तक्रारी आल्या, तेव्हा...” तो चावीकडे बघत राहिला. “तेव्हा तुम्हाला त्या दिवसाचं कसं विचारणार?”

“तुझी नोकरी गेली असती.”

“हो.”

लॉन्ड्रीवाला दारात येऊन बघत होता, तो आत गेला. चावीवाल्यानं दोन्ही हात चावीवर ठेवले, पण ती फिरवली नाही.

“नऊ झालेत साहेब,” तो पुन्हा म्हणाला. “पुढं मोजा.”

साहेबांनी चेंबरात वाकून पाहिलं. चावीवाला हलला नाही. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

“दहा,” साहेब म्हणाले.

चावी फिरली. अकरा. बारा. विशीपर्यंत आवाज कोरडाच होता. तेविसाव्या आट्याला तो फाटला आणि साहेब रडायला लागले, उभ्याउभ्याच, हात खाली सोडून. तोंड झाकलं नाही, थांबलेही नाहीत. रडता रडता मोजत राहिले आणि चावीवाला मान खाली घालून फिरवत राहिला. एकही आकडा चुकला नाही. अडतीस झाल्यावर त्यांनी बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाले, “अर्धा मागे घे.”

मग बोनेटवर वही उघडली. आधीच्या नोंदीवर रेघ मारून त्याखाली लिहिलं, त्या दिवशी नऊच, चूक माझी. तारीख घातली, सही केली. अहवालाची दोन्ही पानं फाडून खिशात टाकली.

टेकडीवर गेलो तेव्हा शाळामास्तरीण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होती. आत नळ सोडलेला ऐकू येत होता. ती खाली बघून म्हणाली, आलं हो. साहेबांनी मान हलवली. सोमवारी त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि चावीवाल्याचं कंत्राट पुढे चालू राहिलं.

त्या शनिवारी टेकडीवरून येताना मी लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरूनच आणली गाडी. घरापाशी उतरताना साहेबांनी दार धरून ठेवलं.

“तुझ्या पेटीत अर्ध्या इंचाचा वायसर आहे का?” त्यांनी विचारलं.

होता. चार महिने खिशातच होता.