बोगदा खणणाऱ्यांचं नाव

बाबा एकदा अबुधाबीजवळच्या मुसफ्फाहून हसतच घरी आले. तिथे सांडपाण्याच्या बोगद्यावर ते फोरमन होते. त्यांचा आयरिश मॅनेजर त्यांना म्हणाला होता, "यू आर अ रिअल सँडहॉग!"

"म्हणजे काय गं?" त्यांनी मला विचारलं. मी इंग्लिश शाळेतली ना.

"वाळूतलं डुक्कर."

"वा! इतकी वर्षं राबून ही पदवी?" आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

शाळेच्या लायब्ररीत मी तो शब्द शोधला. न्यूयॉर्कला पुलाचे पाये घालताना माणसं नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेच्या प्रचंड पेट्यांमध्ये उतरून वाळू उपसत. लोक त्यांना तसं म्हणू लागले. पुढे बोगदे खणणाऱ्यांनी तेच नाव अभिमानानं लावलं. बापामागून मुलगा त्याच कामावर जाऊ लागला.

एरवी मी जेवताना गप्प असे, पण हे सगळं मी बाबांना सांगितलं.

"तिथे बापाचं काम मुलाला मिळतं," ते म्हणाले. "इथे माझ्या छातीचा एक्स-रे बिघडला तर तुम्ही दोघीही परत."

काही वर्षांनी पुन्हा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. त्यासाठीच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढत, आणि बाबांचा खोकला थांबत नव्हता. शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं, "वहिनी, मेडिकलच्या आधी आठवडाभर दूध-केळी द्या. फिल्म साफ येते. आमच्या ह्यांची आली." बाबांना केळं मुळीच आवडत नसे. तरी ते मुकाट्यानं खात. मी कॉलेजात बायॉलॉजी शिकत होते, आणि रोज केळी सोलून देत होते.

फिल्मवर टीबीचा डाग निघाला. जुना आहे, बरा झालेला आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण डाग दिसला की व्हिसा नाही, या नियमाला त्याचं काय?

कंपनीच्या व्हिसावाल्याचा बाबांना फोन आला. "खलास, भाई. कॅन्सल."

"कोई अपील? इन्शाल्ला, कुछ तो..."

"नहीं होता, भाई."

सामान बांधताना आईनं बाबांचं पिवळं हेल्मेट उचललं. "हे न्यायचं?"

"कुणाला दाखवायला?"

ते आम्ही बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं.

पुण्यात कुणी विचारलं तर बाबा सांगतात, "अबुधाबीत ऑफिसात होतो." बोलता बोलता खोकल्याची उबळ येते. आई आतून केळं आणून त्यांच्या हातात देते. आता कुठली फिल्म काढायची नाही. तरी ते खातात.